भिंत मागणारा माणूस

ही हकीकत लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलंच नाही, असं निमित्त मी स्वतःला देत होतो. तेही खरं नाही. एकदा सुनेनं विचारलं होतं, "बाबा, तुम्ही निवडणुकीच्या गप्पा एवढ्या रंगवून सांगता, त्यातला तो पेंटर दरवेळी मध्येच कुठं जातो?" मी चहा मागितला आणि विषय बदलला. आता परभणीतला माझा प्रेस पुतण्याकडे गेला आहे, तिथं त्यानं फ्लेक्सचं मशीन टाकलं आहे. ज्यांच्यासमोर मला माझं खोटं टिकवायचं होतं, त्यातले बहुतेक लोक आज राहिले नाहीत. तेव्हा पेंटर मध्येच कुठं जातो, ते सांगतो.

त्याला सगळे पेंटरच म्हणत. नाव चांगलं होतं त्याचं, पण मुलीला न विचारता ते छापलेलं त्याला आवडलं नसतं. न विचारता केलेलं काहीच त्याला आवडत नसे.

झरीच्या पुढं एक गाव आहे, तिथल्या बौद्ध वस्तीत त्याचं घर. उंच, काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. अंगात पांढरा सदरा. भिंती रंगवणारा माणूस पांढरा सदरा घालतो म्हणून लोक हसायचे, पण रंगाचे डाग असत ते फक्त डाव्या बाहीवर. तिथं तो ब्रश पुसायचा. सायकलच्या हँडलला दोन डबे, मागे गुंडाळलेली दोरी. कुठल्याही भिंतीपुढं उभा राहिला की आधी चपला काढायचा. भर उन्हात जमीन तापलेली असो, नाहीतर समोर बसस्टँडच्या मुतारीची भिंत असो. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात उभा हाय की मी."

निवडणूक लागली की आमच्या दोघांचा हंगाम सुरू व्हायचा. मी पत्रकं छापायचो, तो भिंतींवर चिन्हं काढायचा. उमेदवार एकच असायचा, पण आमचं कधी पटलं नाही. माझं पोट कागदावर होतं आणि माझा कागदावर विश्वासही होता. घराघरात पत्रक गेलं, भिंतीभिंतीवर चिन्ह दिसलं, दिवसातून चार वेळा भोंगा फिरला, की मत वळतं, हे मी शाळेतल्या पाढ्यासारखं मानत होतो. पेंटर जन्मभर भिंती रंगवून म्हणायचा, की भिंत बघून कुणी मत देत नाही.

बरं, हे तो उमेदवारासमोर म्हणायचा.

एका उमेदवाराचं चिन्ह छताचा पंखा होतं. त्यानं पेंटरला बोलावून सांगितलं, अमुक गावात एक भिंत मोकळी राहता कामा नये. पेंटर शांतपणे म्हणाला, "काढतो की. पण त्या गावात लाईट टिकत न्हाई, आन तुमी पंखा दाखवायलाव." उमेदवार हसला. त्याला वाटलं गंमत आहे. पेंटर गंमत करत नव्हता. त्यानं पंखे काढले, इतके सुबक की पात्यांवर ऊन पडल्याचा भास व्हावा, आणि आठ दिवसांनी तो मला त्या गावी घेऊन गेला. म्हणाला, चला, तुमाला एक दाखवतो.

पारासमोरच्या भिंतीवर सगळ्यांत मोठा पंखा होता. पारावर एक म्हातारबा बसले होते. सकाळी बसायचे, दुपारच्या भाकरीला उठायचे, परत बसायचे, त्यामुळे आठ दिवस तो पंखा त्यांच्या नाकासमोर होता. पेंटरनं त्यांना तोंड आमच्याकडे करायला लावलं, पाठ भिंतीकडे, आणि विचारलं, "बाबा, त्या भिंतीवर काय हाय?"

म्हाताऱ्यानं विचार केला. "गोवऱ्या," म्हणाला.

मी वळून पाहिलं. खरंच, घरच्या बाईनं पंख्याच्या तिन्ही पात्यांवर गोवऱ्या थापल्या होत्या. उन्हाची भिंत होती, तिचंही बरोबर होतं. "गोवऱ्यांच्या खाली काय हाय?" पेंटरनं पुन्हा विचारलं. "खाली भिंत," म्हातारबा म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी भांडलो. एका म्हाताऱ्यावरून काय ठरतं? नवा माणूस उभा राहिला, त्याचं नाव लोकांना कळायचं कसं? तो म्हणाला, नाव कळतं, तेवढं खरं आहे, ते मी नाही म्हणत नाही. पण नाव कळलं म्हणजे माणूस कळला का? मी म्हटलं, मग एवढे लोक एवढा खर्च काय खुळे म्हणून करतात? तेव्हा तो जे म्हणाला ते मी नंतर खूप ठिकाणी स्वतःचं म्हणून सांगितलं. "उमेदवार लोकांसाठी न्हाई करत, प्रेसवाले. समोरच्यानं केलं म्हून करतो. समोरचा बी तसाच. दोघं एकमेकाला दाखवायलेत, मधी भिंत हाय कुणाची तरी."

तो मला प्रेसवाले म्हणायचा, मी त्याला पेंटर. अहो-जाहो दोन्हीकडून.

माझ्या पत्रकांवर तर त्याचं बारीक लक्ष होतं. सभा झाली की मैदानात पडलेली पत्रकं गोळा करायचा आणि दुसऱ्या दिवशी प्रेसवर आणून टेबलावर तीन ढीग लावायचा. चुरगळलेली एकीकडे, तेलाचे डाग पडलेली दुसरीकडे, आणि नीट एक घडी घातलेली तिसरीकडे. चुरगळलेला कागद म्हणजे हातात पडला तसा टाकला. तेलाचा म्हणजे भजी खाल्ली, निदान कामाला आला. "आन घडी घातलेला म्हंजे वाचलेला. माणूस वाचल्याबिगर घडी घालत न्हाई." तिसरा ढीग नेहमी इतका बारका असायचा की पंख्याच्या वाऱ्यानं उडून जायचा. मी वैतागायचो. तो मनापासून सांगत असे, की मागची बाजू कोरी आहे, वापरा. आमच्या घरात कित्येक वर्षं किराण्याच्या याद्या पडलेल्या उमेदवारांच्या पाठीवर लिहिल्या गेल्या.

मग मत वळतं कशानं? हे मी त्याला विचारलं होतं. त्याला उत्तर ठाऊक असल्याचा आव त्यानं कधी आणला नाही. एवढंच म्हणाला, "भिंत मागायची असते."

हे मागणं म्हणजे त्याची खरी तऱ्हा. आता घरमालकाची लेखी परवानगी वगैरे लागते. तेव्हा कुणी विचारत नसे, डबा घेऊन जायचं आणि रंगवायचं. पेंटर मात्र आधी दारात जायचा. पुरुष असला तरी घरातल्या बाईला बोलवायला लावायचा, कारण भिंत सारवते ती, तिचीच भिंत. मग सांगायचा, अमक्याचं चिन्ह काढायचं आहे, एवढी जागा लागेल, हातानं माप दाखवायचा, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी चुना मारून भिंत होती तशी परत करीन, असा शब्द द्यायचा. कुणी नाही म्हटलं तर बरं म्हणून पुढच्या दारी. या सगळ्यात चहा व्हायचा, पोरांची चौकशी व्हायची, बोअरला पाणी किती, मास्तर शाळेत येतो का, एसटी गावात का वळत नाही, हे सगळं तो ऐकून घ्यायचा. दिवसाला तीन भिंती, फार तर चार. दुसरे पेंटर वीस करायचे.

काही दारांत त्याला भिंत मिळायची, पाणी मिळायचं नाही. तेही त्यानं मला मागाहून, सहज बोलण्यात सांगितलं. "भिंत दिली, पाणी न्हाई दिलं. तिथलं मत धरू नका." आणि जिथं पाणी दिलं तिथं? "तिथं निदान आपलं ऐकून घेतलं." मला तेव्हा त्यातला अंदाज तेवढा आवडला. त्या दारांत तो काय घेऊन परत फिरत असेल, ते माझ्या लक्षात आलं नाही. प्रेसवर माझ्याकडं तो माझ्याच कपातला चहा प्यायचा, आणि त्याचं मला मनातून कौतुक वाटायचं. माझंच.

निकालानंतर चुना मात्र न चुकता. उमेदवार जिंको की पडो, दुसऱ्या दिवशी सकाळी हा चुन्याची बादली, त्यात चिमूटभर नीळ, आणि मोठा कुंचला घेऊन निघायचा. जिंकलेले मिरवणुकीत असायचे, पडलेले घरात. चिन्हं पुसत फिरणारा हा एकटाच. लोक म्हणायचे, अहो ऱ्हाऊ द्या, चांगलं चित्र आहे. तो ऐकत नसे. दिलेला शब्द होता.

त्याच्या वस्तीत एक आक्का होत्या. सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. आक्कांच्या घराला दोन बाजू मोकळ्या होत्या, एक रस्त्याकडची आणि एक आतल्या अंगणाची. आतल्या भिंतीवर पेंटरनं पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत नावं लिहिली होती. वस्तीतून दहावी पास झालेल्या प्रत्येकाचं नाव. पहिलं नाव ज्यांचं होतं ते मास्तर होऊन रिटायरही झाले होते. दरवर्षी निकाल लागला की नवी नावं चढायची. पास झालेल्या पोरानं किंवा पोरीनं स्वतः भिंतीजवळ उभं राहून आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं, मग पेंटर लिहिणार. लाजून पुटपुटलं तर परत सांगायला लावायचा. आक्का दारातून म्हणायच्या, "माझ्या हातात रडत आलता, आता माझ्या भिंतीवर जायलाय." पेंटरच्या मुलीचं नावही होतं, आणि ते इतरांपेक्षा एक सूतही मोठं नव्हतं. मी मोजून पाहिल्यासारखं करून त्याला चिडवलं होतं.

आता ती निवडणूक. जिल्हा परिषदेची. उमेदवार माझ्या चांगल्या ओळखीचा, चिन्ह शिलाई मशीन, आणि प्रचाराचं सगळं माझ्याकडे. पेंटरनं अट घातली होती, की आमच्या वस्तीत भिंती मागायला उमेदवारानं स्वतः यावं. मला तो वेळेचा अपव्यय वाटला, पण उमेदवार गेला. दोन तास बसला. शाळेच्या वाटेवरच्या ओढ्यावर पूल नाही, पावसाळ्यात पोरं कमरेइतक्या पाण्यातून जातात, हे ऐकून स्वतः ओढ्यापर्यंत चालत जाऊन आला. आक्कांनी भिंत दिली. पेंटरनं मला येऊन सांगितलं आणि परत एकदा बजावलं, "आक्काची रस्त्याकडची बाजू. नावाची बाजू सोडून."

मतदानाला पाच दिवस राहिले होते. विरोधकांचं चिन्ह जिकडंतिकडं दिसायला लागलं होतं, आणि आमचे पेंटर तीन तीन भिंती करत चालले होते. मला झोप येईना. त्यातच त्याला एक दिवस पाथरीला जावं लागलं, एका शाळेच्या फलकाचं काम त्यानं आधीपासून घेतलं होतं. मी ती संधी साधली. बाहेरून चार माणसं आणली, ज्यांच्याकडं पत्र्याचे साचे होते. आधी चुन्याचा पट्टा, त्यावर साचा, त्यावर रंग, की झालं मशीन आणि खाली उमेदवाराचं नाव. पेंटरनं मागून ठेवलेल्या घरांची यादी मी घाईघाईनं कागदावर उतरवून त्यांच्या हातात दिली. घरांची नावं उतरवली. बाजू उतरवल्या नाहीत.

त्या माणसांचा दोष नाही. त्यांना आक्कांच्या घराची सगळ्यांत सपाट, सगळ्यांत स्वच्छ भिंत दिसली ती आतली. आक्का त्या दिवशी लेकीकडं गेल्या होत्या, आणि वस्ती रानात कामाला. दुपारी काम झालं. पहिल्या मास्तरांपासून मागच्या उन्हाळ्यात पास झालेल्या दोन पोरींपर्यंत सगळी नावं चुन्याखाली गेली, आणि वर दोन शिलाई मशीनं.

इथवर ती चूक होती. घाईत झालेली, मान्य करण्यासारखी चूक. पुढचं तसं नाही.

संध्याकाळी पाचला वस्तीत आमची बैठक ठरलेलीच होती. आम्ही पोचलो तर लोक अंगणात उभे. कुणी सतरंजी घातली नव्हती. एक तरुण शिक्षक पुढं आला, त्याचं नाव त्या भिंतीवर होतं. आवाज न चढवता त्यानं विचारलं, की ही नावं कुणी पुसली? उमेदवारानं माझ्याकडे पाहिलं. त्याला खरोखर काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आणि मी म्हणालो, "पेंटरकडून गडबड झाली. त्यांची समजण्यात चूक झाली. आम्ही भरून देऊ."

हे वाक्य मला शोधावं लागलं नाही, तयारच होतं. माझ्या तोंडात दुसऱ्या कुणाचं नाव का आलं नाही, माझंच का आलं नाही, यावर मी नंतर फार विचार केला. माणूस त्यांचाच आहे, त्यांच्यातच मिटेल, असं मला वाटलं होतं. ते लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच वाटलं होतं.

मी बोलून झाल्यावर लोकांच्या माना मागं वळल्या. पाथरीच्या बसमधून उतरून पेंटर तसाच आला होता, खांद्याला पिशवी. त्यानं आधी भिंत पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मला पाहिलं. लेकीकडून परतलेल्या आक्का पुढं झाल्या आणि त्याला म्हणाल्या, "तू केलंस का रे?"

पेंटर म्हणाला, "प्रेसवाल्यांना विचार, आक्का."

म्हणजे त्यानं मला खरं सांगायची वाट करून दिली. मी खाली बघत म्हणालो, "झालं ते झालं, निवडणूक होऊ द्या, मग बसून बोलू." आणि आम्ही जीपमध्ये बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसचं शटर उघडायच्या आधी तो पायरीवर बसलेला. रागावलेला वाटला नाही. म्हणाला, "भरून देऊ नका काई. तुमी फक्त एकदा येऊन सांगा, की मी न्हाई केलं. बस." मी त्याला समजावलं. आता सांगितलं तर वस्तीची मतं जातील, चार दिवस थांबा. त्यानं ऐकून घेतलं. जाताना म्हणाला, "मतं अशी जात न्हाईत, प्रेसवाले. आन येत बी न्हाईत." मी ते नेहमीचं म्हणून सोडून दिलं.

आमचा उमेदवार निवडून आला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेंटर बादली घेऊन परत पायरीवर. "चला. मी भिंत धुतो, तुमी सांगा." प्रेससमोर मांडव घातला होता, मला सत्काराला जायचं होतं, गळ्यात एक हार आधीच होता. मी म्हटलं, उद्या नक्की. त्यानं बादली सायकलला अडकवली. तो तिसऱ्यांदा आला नाही.

तो एकटाच गेला, हे मला मागाहून कळलं. आक्कांच्या दारात चपला काढून उभा राहिला आणि त्यानं भिंत मागितली, नावं परत लिहायला. सगळी पाठ होती त्याला. आक्का म्हणाल्या, "तू नको." त्यानं बरं म्हटलं. पुढच्या आठ दिवसांत बाकीच्या गावांतल्या सगळ्या भिंती धुतल्या, साचेवाल्यांनी रंगवलेल्यासुद्धा, आणि ब्रश ठेवून दिले. नंतरच्या निवडणुकीत मी निरोप धाडला, तर त्याचं उत्तर आलं, की ज्याला घरची भिंत मिळाली नाही, त्यानं दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडानं जावं. एका रोपवाटिकेत कामाला लागला. तिथं रोपांच्या कुंड्यांजवळ पत्र्याच्या लहान पाट्या असत, लिंबू, सीताफळ, आवळा. ते अक्षर मी ओळखलं, आणि गाडीतून न उतरता निघून आलो.

ओढ्यावर पूल झाला. त्याच्या उद्घाटनाची पत्रिका मी छापली.

आक्कांना मी खरं सांगितलं ते पेंटर गेल्यानंतर. मागच्या थंडीत तो गेला. आक्का आता फार थकल्या आहेत, पण डोकं लख्ख आहे. अंगणातल्या भिंतीवर आता नावांचा फ्लेक्स लागतो, आमच्याच मशीनवर छापलेला. उन्हानं दोन वर्षांत त्याचा रंग उडतो, मग नवा. मी त्याखाली बसून सगळं सांगितलं. यादी, साचेवाले, बैठक. त्यांनी मधे थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. त्या मशीनखाली नाव छापलं होतं ना उमेदवाराचं, ते अक्षर त्याचं नव्हतं. आंधळ्याला बी कळलं असतं."

"मग त्यांना भिंत का नाही दिली?"

"मी त्याला विचारलं होतं, तू केलंस का. सरळ न्हाई म्हणायचं. माझ्या दारात उभा ऱ्हाऊन त्यानं तुमचं तोंड बघितलं." त्यांनी वर फ्लेक्सकडं पाहिलं. "वाटलं, आज ना उद्या येऊन म्हणल, आक्का मी न्हाई केलं. मी बी वाट बघत बसले. लय हट्टी होता."

मी विचारलं, की त्या भिंतीमुळं वस्तीची मतं फिरली होती का? आक्कांना त्या प्रश्नाचं नवल वाटलं. "मतं? मतं तर तुमचा उमेदवार ओढ्यावर चालत गेला त्याच दिवशी ठरली होती. भिंतीचा आन मताचा काय संबंध?"

मी घरी कसा आलो ते आठवत नाही. ज्या मतांसाठी मी ते बोललो, ती आधीच पडल्यासारखी होती. माझं पत्रक, माझे साचे, माझं खोटं, यातल्या कशानंही त्यात एक मत कमी-जास्त झालं नव्हतं.

तो असताना मी त्याच्याकडं गेलो नव्हतो, असं नाही. एकदा गेलो होतो. तो तेव्हा परभणीतच मुलीकडं राहायला आला होता. मुलगी शिक्षिका आहे. मी पंधरा दिवस तयारी केली. पुतण्याच्या मशीनवर काही करावंसं वाटलं नाही. माळ्यावर छपाईच्या जुन्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, दोन पेट्या होत्या, त्या काढल्या, चष्मा लावून एकेक खिळा जुळवला, आणि हातानं दाबून एक प्रत काढली. पत्रकच होतं. मनात होतं, की आधी त्याला प्रूफ दाखवायचं, त्यानं हो म्हटलं तर शंभर काढून वस्तीत घरोघरी स्वतः द्यायची. रिक्षात बसल्यावर खिशातून तीनदा काढून वाचलं.

दुपारचे चार वाजले होते. पेंटर ओट्यावर खुर्चीत होता. सदरा पांढराच, बाही आता स्वच्छ. मला बघून उठायला लागला, मी बसवलं. त्यानं आत हाक मारली, "बेटा, प्रेसवाले आलेत, पाणी आण." मी ते पाणी प्यालो. चहाही झाला. गुडघे, डोळे, शहरातल्या फ्लेक्सची गर्दी, सगळं बोलून झालं. फ्लेक्सवर तो म्हणाला, की एक बरं आहे, काढताना चुना लागत नाही. मी हसलो. मग चहाचे कप आत गेले, आणि मला कळलं की हीच वेळ आहे.

पेंटर माझ्या वरच्या खिशाकडं बघत होता. "काय हाय ते?"

"काही नाही. दवाखान्याची चिठ्ठी."

"घडी घातलीय," तो म्हणाला. "म्हंजे वाचलेली हाय."

मी हात खिशावर ठेवला. तो थांबला. मी त्याला थांबलेलं पाहिलं, जसा तो कुणाच्याही दारात भिंत मागून थांबायचा, घाई न करता, नाही म्हटलं तरी चालेल अशा चेहऱ्यानं. मी म्हणालो, येतो आता, रिक्षा उभी आहे. त्यानं बरं म्हटलं आणि फाटकापर्यंत पोचवायला आला. अनवाणीच.

ते पत्रक अजून माझ्याकडं आहे. घडीवर विरलं आहे, पण अक्षर वाचता येतं. त्यावर लिहिलं आहे: "आक्कांच्या भिंतीवरची नावं माझ्या चुकीनं पुसली गेली आणि बैठकीत मी खोटं बोललो. पेंटरनी ती भिंत पुसली नव्हती. पेंटर, मला माफ करा."